‘सोड’ म्हणणारी

“तू ‘सोड’ म्हणालीस!”

“तुला म्हणाले. दोराला नाही.”

“दोराच्या टोकाला सहा माणसं होती, आक्का! त्यांनी काय चिठ्ठी पाठवून विचारायचं होतं, बाई, हे आम्हाला की तुझ्या भावाला?”

“तू मास्तरचा गळा धरला होतास, धाकट्या. दोन्ही हातांनी. जीभ बाहेर आली होती त्याची.”

“आता जीभ आत आहे. शाबूत आहे. पाय गेलाय! आणि पाय मी नाही नेला.”

“गळा सोडला असतास तर मला तोंड उघडावंच लागलं नसतं.”

“सोडणारच होतो मी!”

“कधी? थंड पडल्यावर?”

धाकट्याने भिंतीला टेकवलेली पहार उचलली आणि जमिनीवर आपटली. फरशीचा टवका उडून एकाच्या नडगीला लागला. तो नुसता नडगी चोळत बसला. बाकीचे दोरांच्या वेटोळ्यांवर बसून आपापल्या चपलांकडे बघत होते. खोलीला मशीनच्या तेलाचा वास होता. खुंट्यांवर दोर, साखळ्या आणि मुठीएवढ्यापासून टोपल्याएवढ्यापर्यंतच्या कप्प्या टांगलेल्या होत्या. शटर अर्धं वर होतं आणि त्याखालून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात बहीणभाऊ उभे होते. दोघांच्या तोंडावर कालचं रक्त होतं. पुसलेलं, तरी दिसणारं.

टोळीचं काम एकच, क्रेन शिरत नाही तिथून जड मशीन काढायचं. काल दुपारी छापखान्याच्या पहिल्या मजल्यावरून कागद कापायचं मशीन उतरवताना दोर सुटला आणि मशीन मास्तरच्या पायावर आलं. गुडघ्याखालचं सगळं डॉक्टरांनी रात्री काढून टाकलं. मशीन अजून तिथेच गल्लीत आडवं पडलं होतं. थोड्या वेळात ठेकेदार येणार होता. त्याला सगळे शेठ म्हणत. तो एकच विचारणार होता, काल काय झालं? आणि खोलीत त्याचं एक उत्तर नव्हतं.

“नीट ऐक,” धाकटा आवाज खाली आणून म्हणाला. “मास्तर आपल्या पायानं वजनाखाली गेला. कुणी काही बोललं नाही. दोर सरकला. संपलं. मी वाचतो, तू वाचतेस, टोळी वाचते.”

“आणि मास्तर?”

“त्याचं काय वाचायचं राहिलंय आता?”

आक्काने त्याच्या कानाखाली जाळ काढला. आवाज एवढा झाला की शटरवर बसलेलं कबुतर उडालं.

चाळिशी ओलांडलेल्या, बांध्याने आडव्या, ओठांवर हलकी लव असलेल्या या बाईच्या हातात टोळी कशी आली, हे टोळीतले लोक नव्या माणसाला हसतहसत सांगत. गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती.

तिचा बाप मुकादम होता. त्याने आवाज लावला की छापखान्यातली खिळ्यांची पेटी खुळखुळायची म्हणत. मग घशात काहीतरी उगवलं. डॉक्टरांनी ते कापलं आणि त्याबरोबर आवाजही कापला गेला. उरली नुसती हवा, भोक पडलेल्या भात्यासारखी. दोर ओढणारी माणसं आत, वजन बाहेर. त्यांना बाहेरचं काही दिसत नाही. मध्ये उभ्या मुकादमाचा आवाज हेच त्यांचे डोळे. आवाज गेला म्हणजे मुकादम गेला. बापाला हे पटणारं नव्हतं. त्याने पोरीला शाळेतून काढलं, वजनाजवळ आपल्यापुढे उभं केलं आणि तिची वेणी मुठीत धरली.

टोळीत शब्द चारच होते. वेणीला वर हिसका बसला की पोरगी ओरडायची, ‘घे!’ आणि आतली माणसं दोर खेचायची. वेणी हळूहळू खाली ओढली की ‘ढील!’ घट्ट आवळून ठेवली की ‘धर!’ आणि वेणी हातातून मोकळी केली की ‘सोड!’

‘सोड’ वजन जमिनीला टेकल्यावरच म्हणायचं. तेव्हा मात्र क्षणाचा उशीर चालत नसे. टेकलेलं मशीन कलंडलं तर ताणलेल्या दोराबरोबर माणसंही खिडकीतून बाहेर जातील. म्हणून शब्द आला की हात उघडायचे. चार शब्दांपैकी पोरीला हा एकच शब्द न दुखता यायचा. तिच्या तोंडून तोच सर्वांत मोठा निघे.

एकदा बापाला खोकला आला. वजन अजून माणूसभर उंचीवर होतं. खाली एकजण चाकं लावत वाकला होता. बापाने तोंडावर हात नेला, वेणी सुटली आणि पोरगी ओरडली, ‘सोड!’

पाचजणांनी हात उघडले. खांबापाशी दोराचे वेढे सांभाळणारा एक तरुण होता, तेव्हा त्याचं नाक सरळ होतं. त्याच्या हातांना कळलं की वजन दोरावरच आहे. टेकलं असतं तर दोर सैल पडला असता. त्याने वेढे आवळले. तळहातांची सालटी निघाली, पण वजन लटकतं राहिलं. खालचा माणूस चाक लावून, वर काय झालं याची गंधवार्ता नसताना बाजूला झाला.

काम संपल्यावर बापाने त्या तरुणाला याच खोलीत उभं केलं. लाकडी दांडकं घेतलं. पोरीच्या कानाशी तोंड नेऊन हवा सोडली आणि तिने ती मोठ्याने बोलून दाखवली, “आवाज आला की सोडायचं! हाताला अक्कल नसते!” दांडकं बसलं. पुन्हा कानात हवा. पुन्हा ती ओरडली, “आवाज चुकत नाही!” पुन्हा दांडकं. तिसऱ्या वेळी नाकाचं हाड मोडल्याचा आवाज झाला, सुकी काडी मोडावी तसा. त्या दिवसापासून त्याला सगळे वाकड्या म्हणू लागले. तो टोळी सोडून गेला नाही. घरी तीन तोंडं होती, जाणार कुठे? नंतर मात्र त्याने एकही शब्द चुकवला नाही.

बाप गेला तेव्हा आक्काने त्याच कात्रीने वेणी कापली जिने दोराची सुतं कापतात. दुसऱ्या दिवशी माणसं कामावर आली आणि सवयीने तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. ती मुकादम झाली ती अशी. कुणी निवडलं नाही, कुणी हरकतही घेतली नाही.

आणि ती चांगली मुकादम होती, हे तिच्या शत्रूंनीही म्हणावं. सगळ्यांच्या आधी यायची. दोर रोज हाताने चाचपायची, एक सूत तुटलेलं सापडलं तर अख्खा दोर बाद. कुणाच्या घरी आजार असेल तर त्याला वजनाजवळ उभं करायची नाही, डोकं ठिकाणावर नसतं म्हणून. शेठने ऐन वेळी घाई केली तर त्याला सर्वांसमोर म्हणायची, “एवढी घाई असेल तर शेठ, तुम्हीच खाली उभे राहा आणि झेला.” तिच्या राज्यात बोट चेंगरलं असेल, माणूस मेला नव्हता. पण ढिलाई केली तर थोबाडीत. काम चालू असताना मान वळवून खिडकीकडे पाहिलं तर लाथ. “बघायला मी आहे,” ती म्हणायची, “तुम्ही ओढा.” माणसं मार खायची आणि बाहेर तिची बढाई मारायची. एकदा शेठ कुठल्याशा हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर करून आला आणि कप्प्यांच्या मधोमध उभा राहून म्हणाला, “लीडर म्हणजे कोण? जो सगळ्यात पुढे असतो!” मास्तरने लगेच हात वर केला, “आमच्यात पुढे वजन असतं शेठ. लीडर मध्ये असतो आणि बोंबलतो.”

मास्तर हा कुठल्याच शाळेत मास्तर नव्हता. दहावी नापास होता. त्याला लोकांचं बोलणं दुरुस्त करायची खोड होती. कुणी शिवी दिली तरी तो आधी तिचं लिंगवचन सुधारायचा, मग चिडायचा. धाकट्याचं आणि त्याचं त्यावरूनच जमत नसे. धाकटा आक्काहून आठ वर्षांनी लहान. बापाचे हात त्याच्याकडे आले होते, आवाज बहिणीकडे. हे त्याला लहानपणापासून सलत होतं.

काल ते सलणं वर आलं.

मशीन दीड पुरुष उंचीवर लटकत होतं. आक्का भिंत काढून केलेल्या भगदाडात उभी होती. तिच्या पाठीमागे लांब, दालनाच्या टोकाला पाचजण दोराला आणि खांबापाशी वाकड्या. खाली ट्रक तिरका लागला होता म्हणून तिने ‘धर’ दिला होता. मास्तर वजनाला हेलकावा बसू नये म्हणून बांधलेला लहान दोर धरून बाजूला उभा होता. धाकटा ट्रक सरळ करून घेत होता. ट्रक सरळ झाला. आक्का अजून बघत होती. धाकट्याला दम धरवला नाही. त्याने खालूनच आवाज दिला, “ढील!”

काही हललं नाही.

“ढील! बहिरे झालात का रे?”

वर दोर जागचा सरकला नाही. गल्लीत बघे जमले होते. मास्तर म्हणाला, “आज्ञार्थ बरोबर आहे, धाकटे मुकादम. आवाज चुकीचा आहे.”

बघे हसले. एक पोरगी तर टाळ्या पिटून हसली.

धाकटा एका ढांगेत त्याच्यावर गेला. गळा धरला, मागे रेटत नेलं आणि ट्रकच्या फाळक्यावर त्याचं डोकं आपटलं. एकदा, दोनदा. फाळका वजनाच्या बरोबर खाली होता. मास्तरच्या हातातला लहान दोर गळून पडला, पाय खरडू लागले, चेहरा जांभळा झाला. आक्का वरून ओरडली, “धाकट्या!” त्याने वर पाहिलंही नाही. “धाकट्या!” तिने श्वास घेतला. नाव आणि शब्द यांच्यात तो एवढा श्वास पडला.

“सोड!”

आणि एका शब्दाने दोन्हीकडचे हात एकदमच सुटले. धाकट्याने गळा सोडला. हयातभराच्या सवयीने तोही दचकून मागे सरला. तेवढ्यानेच तो वाचला. मागे दालनात दोर खांबावरून धूर काढत पळाला. मास्तर गळा सुटल्यावर जागच्या जागी खाली घसरला आणि त्याच्यावर, फाळका फोडून, मशीन आलं.

किंकाळी आली ती थोड्या वेळाने. आधी फक्त लोखंडाचा आवाज होता.

सहाही माणसं जिन्यावरून खाली धावली, बघितलं आणि धाकट्यावर तुटून पडली. लाथा, बुक्क्या, एकाने चप्पल, एकाने कप्पीचा आकडा. त्याचा ओठ फाटला, भुवई फुटली. आक्का मध्ये घुसली. “थांबा! अरे थांबा!” कुणी ऐकेना. ‘थांबा’ हा त्यांच्या चारांतला शब्दच नव्हता. भावासाठी उचललेला एक फटका तिच्या खांद्याच्या हाडावर बसला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेवटी ती मशीनपाशी गेली, पहार खाली घातली आणि पोटातून ओरडली, “घे!”

मारणारे हात तिथल्या तिथे थांबले. सगळे वळले. पहारी लागल्या. धाकट्यानेही रक्त गाळत खांदा दिला. मास्तरला बाहेर ओढलं तेव्हा पाय त्याच्याबरोबर नीट आला नाही.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मास्तरची बायको आक्काला सामोरी आली. सरळ हात उगारून तोंडात मारली. मग दुसरी मारली. आक्का हलली नाही. तिसऱ्या वेळी त्या बाईचाच हात थकला आणि ती म्हणाली, “जा आत. तुमचंच नाव घेतोय.”

मास्तर औषधाच्या गुंगीत होता. गळ्यावर दहाही बोटांचे वळ काळेनिळे उठले होते. आवाज पार बसलेला.

“आक्का... वाक्य चुकलं तुमचं.”

“बोलू नकोस.”

“सोड... म्हणजे काय सोड? वाक्यात कर्मच नव्हतं.” तो हसायला गेला आणि कळवळला. डोळे मिटून बराच वेळ पडून राहिला. तिला वाटलं झोपला. ती उठायला लागली तेव्हा त्याने डोळे न उघडता विचारलं, “वाकड्याच्या हाताला वजन लागलं नसेल का हो?”

हा प्रश्न घेऊन ती घरी गेली होती, आणि हाच घेऊन सकाळी इथे आली होती.

“मारलंस?” धाकटा गालावर हात ठेवून म्हणाला. “परत मारलंस? टोळीसमोर?”

“मास्तरचं काय राहिलंय म्हणालास म्हणून मारलं.”

“आवाज आहे ना तुझ्याकडे. आबांनी दिलेला. सगळं दिलं तुला. मला काय दिलं?”

“मला वेणीचे हिसके दिले. हवे होते तुला?”

त्याने पहार टाकली आणि दोन्ही हातांनी तिचे खांदे धरून तिला शटरवर आपटलं. पत्रा कडाडला. कालच्या दुखऱ्या हाडातून कळ डोक्यापर्यंत गेली. त्याने पुन्हा आपटलं. “तू ‘मी म्हणाले’ म्हणशील, टोळी जाईल! ‘धाकट्यानं गळा धरला’ म्हणशील, मी आत जाईन! आणि तू पोलिसांना सांगणार, माहितेय मला! तोंड मिट!” त्याने तिच्या तोंडावर मारलं. दातात ओठ सापडला. सहाहीजण उठले. एकाने आकडा उचलला.

“बसा!” आक्का म्हणाली.

ते बसले.

ही शिस्त तिच्या नसानसांत होती. घरचं भांडण घरात, टोळीने हात घालायचा नाही. धाकट्याने तिसऱ्यांदा मारलं. नाकातून रक्त आलं. तिने त्याच्या खांद्यावरून पाहिलं. सहा माणसं, त्यांतली दोन तिच्या बापाच्या वयाची, मुठी आवळून, डोळ्यांत पाणी आणून, दोरांवर बसून होती. तिच्या एका शब्दावर. तिला कुणी मारून टाकलं असतं तरी ती माणसं बसून राहिली असती. आक्काला पहिल्यांदाच भीती वाटली, आणि ती भावाची नव्हती. एकाने तरी न ऐकावं, तिला वाटलं. एकाने तरी उठावं रे.

कुणी उठलं नाही. तिने गुडघा उचलून धाकट्याच्या पोटात घातला, तो वाकला, आणि तेवढ्यात शटरखालून दोन चकचकीत बूट आत आले.

“वा,” शेठ म्हणाला. “मशीन गल्लीत, माणूस हॉस्पिटलात, आणि मुकादम कुस्ती खेळतायत.” त्याने दोघांच्या तोंडांकडे पाहिलं आणि रुमाल स्वतःच्याच नाकाला लावला. “छापखान्याचे मालक गल्लीत उभे आहेत. दुपारच्या आत गल्ली मोकळी हवी. आणि त्यांना मी काय सांगू? एका वाक्यात सांगा.”

“मास्तर स्वतःहून खाली गेला,” धाकटा पोट धरून म्हणाला. “दोर सरकला.”

“कुणी काही म्हणालं होतं?”

“नाही.”

“बाकीचे?”

सहा माना हलल्या. वाकड्याचीही हलली, सर्वांत शेवटी.

“छान,” शेठ म्हणाला. “माणूस स्वतःच्या चुकीनं गेला तर त्याचं त्यानं बघायचं. बाई, तुमचं काय?”

आक्काने रक्त थुंकलं. “ह्यानं गळा धरून त्याला वजनाखाली नेलं. मी ‘सोड’ म्हणाले. ह्यांनी सोडला. मास्तर स्वतःहून हललासुद्धा नाही.”

“अहो बाई...”

“पाय त्याच्या चुकीनं गेला नाही. त्याचं औषधपाणी, पुढचं सगळं, टोळीवर आहे. म्हणजे तुमच्यावर. मालकांना हेच सांगा. नाहीतर मी सांगते, माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो.”

धाकटा पांढराफटक पडला. शेठने रुमाल घडी करून खिशात ठेवला. चिडला की तो हळू बोलत असे.

“कळलं. मालकांना मी सांगतो काय सांगायचं ते. मास्तरचंही बघतो, तोंड बंद ठेवणार असाल तर. पण आता तुम्हाला त्या भगदाडात कोण उभं करेल? काल जिच्या शब्दानं मशीन पडलं तिच्याच शब्दानं आज ते उचलायचं?” त्याने धाकट्याकडे पाहिलं. “तुला येतं ना रे हे? चार शब्द?”

धाकट्याने तोंड उघडलं, मिटलं. “येतं.”

“मास्तरचा गळा धरणाऱ्याला आवाज देताय?” आक्का म्हणाली.

“गळा धरतो म्हणजे दम आहे. लीडरमध्ये दम लागतो, बाई. दुपारच्या आत.” शेठ शटरखालून वाकून निघून गेला.

खोलीत कुणाला कुणाकडे बघवेना. ज्या गोष्टीसाठी धाकट्याने जन्मभर हात शिवशिवत ठेवले होते ती त्याच्या पदरात पडली होती, फाटक्या ओठासकट. त्याने पहार उचलली. “उठा,” तो म्हणाला.

माणसांनी आक्काकडे पाहिलं. आक्काने दात ओठात रोवले.

“उठा म्हणतोय ना!” जवळच्या माणसाच्या बरगडीत त्याने लाथ घातली. तो कळवळून उठला. मग दुसरा उठला. मग सगळेच उठले, साखळ्या, कप्प्या, पहारी उचलायला लागले. धाकट्याचा श्वास हलका झाला. “बघ,” तो बहिणीला म्हणाला. “आवाज लागत नाही. एवढंच लागतं.”

“मलाही तेच वाटायचं,” आक्का म्हणाली.

ती वाकड्यापाशी गेली. तो खुंटीवरून मोठा दोर काढत होता. हाताला चिंध्या गुंडाळल्या होत्या.

“दाखव.”

“काय दाखवायचंय.”

तिने त्याचा हात उलटा केला आणि चिंधी सोडली. तळहाताला काल वाहून गेलेल्या दोराने पन्हाळ पाडली होती. मांस दिसत होतं.

“वजन लागत होतं हाताला?”

वाकड्याने हात ओढून घेतला. “कामाला उशीर होतोय.”

“मास्तर विचारत होता. मी त्याला काय सांगू?”

तो दोराचं वेटोळं करत राहिला. मग वाकड्या दोराकडे बघतच म्हणाला, “लागत होतं. अख्खंच्या अख्खं लागत होतं. वाऱ्यानं हललेलंसुद्धा कळत होतं मला.”

“मग?”

“मग काय? ह्याच जागी उभा होतो मी, पोरी. तू त्या तिथे होतीस. तुझ्या बापानं मारलं ते मी विसरलोय. तू ओरडत होतीस ते नाही विसरलो. हाताला अक्कल नसते.” तो नाकातून शीळ वाजल्यासारखा श्वास घेई, तसा घेतला. “नसू दे म्हटलं. पुन्हा आणलीच नाही.”

“ते खोटं होतं. तेव्हाही खोटं होतं. तू धरलंस म्हणून माणूस वाचला, हे मला तेव्हाच कळलं होतं. आबांनाही. म्हणून तर मारलं.”

“आता सांगतेस.”

“आता सांगते.”

“काय कुजबूज चाललीये?” धाकटा मध्ये आला. “वाकड्या, तू खांबाला. मी ‘सोड’ म्हणालो की सोडायचं. ह्या बाईनं काही डोक्यात घातलं असेल तर ऐकून ठेव, एक क्षण उशीर झाला तर दुसऱ्या बाजूनं मारीन. नाक सरळ होईल तुझं.”

एक-दोघे हसले, भीतीने.

“आणि खाली कोण?” त्याने खोलीवर नजर फिरवली. “मास्तरचा लहान दोर कोण धरणार?”

सगळ्यांना एकदम काहीतरी काम सुचलं. एक साखळी मोजू लागला, एक चपलेचा अंगठा नीट करू लागला. कालची गल्ली सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती.

“मी,” आक्का म्हणाली.

“तू?” धाकट्याचा हात पहारीवर सैल पडला. क्षणभर तो मुकादम दिसेना, नुसता धाकटा भाऊ दिसला. “काही नको. दुसरा कुणीतरी जाईल.”

“कोण जाईल? नाव घे.”

त्याची नजर एकेकावरून फिरून परत आली.

“वजनाखाली माझी माणसं उभी केली मी आतापर्यंत. बघायला मी आहे म्हणायची, आणि उभी असायची वर.” तिने खुंटीवरून मास्तरचा लहान दोर काढला. त्यावर अजून वाळलेलं काळपट होतं. ती वाकड्याकडे वळली. तीस वर्षांत तिने या माणसाला काही विचारलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं. विचारताना आवाज कसा ठेवायचा हेही तिला नीट माहीत नव्हतं.

“मी खाली असेन. मला वरचं काही दिसणार नाही. हा घाईत असणार, बिथरलेला असणार, आणि ह्याच्या तोंडून नको तेव्हा शब्द जाणार. माझ्या गेला, ह्याच्या नाही का जाणार?” तिचा ओठ सुजला होता, शब्द फुटत नव्हते. “वजन हाताला लागत असेल, आणि हा ‘सोड’ म्हणाला, तर धरून ठेवशील?”

“धरलंस तर याद राख!” धाकटा ओरडला. “ऐकतोयस ना? दोराला दोन डोकी चालत नाहीत!”

“हुकूम करत नाही,” आक्का म्हणाली. “विचारतेय. धरशील?”

खोलीतले सगळे हात थांबले. एक कप्पी खुंटीवर हेलकावत राहिली.

वाकड्याने चिंधी दातांनी ओढून तळहाताला गाठ मारली. मोठा दोर उचलून खांद्यावर टाकला, एकदा धाकट्याच्या पहारीकडे पाहिलं, एकदा आक्काच्या फुटलेल्या तोंडाकडे, आणि अर्ध्या शटरखालून वाकून काही न बोलता गल्लीत निघून गेला.